रिव्हर्स पडल्याची खबर

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला सगळ्यांत कमी दिसतो तो फाळक्यामागचा पट्टा. दोन्ही बाजूंचे आरसे हौद्याच्या कडा दाखवतात, मागच्या चाकांची रेघ दाखवतात. पण फाळक्याला लागून मागे काही मीटर, गाडीच्या रुंदीइतकी जागा कुठल्याच आरशात येत नाही. म्हणून आपल्याकडे क्लीनर खाली उतरतो, हौद्यावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहतो आणि ‘बस्स’ म्हणून एक जोरदार थाप दिली की गाडी थांबते. वाशीच्या घाऊक बाजारात गाळ्यांच्या धक्क्याला गाड्या लागतात त्या याच थापांवर. पण भाजीपाल्याचे, दुधाचे, कुरिअरचे कितीतरी टेम्पो आज एकट्या ड्रायव्हरवर चालतात. त्यांच्यासाठी मागचं पाहणारं दुसरं कुणी नसतं.

मागे कॅमेरा लावण्याची कल्पना बरीच जुनी. १९५६ साली ब्यूकने सेंच्युरियन नावाची प्रदर्शनासाठीची मोटार दाखवली, तिच्यात मागच्या आरशाऐवजी टीव्ही कॅमेरा होता आणि डॅशबोर्डवर त्याचा पडदा. ती मोटार विक्रीला आली नाही. सक्तीचा नियम यायला पुढे सहा दशकं लागली आणि तो दुःखातून आला. अमेरिकेत २००२ साली कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा, वडील घरासमोर गाडी मागे घेत असताना तिच्याखाली सापडून गेला. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला. १ मे २०१८ पासून तिथे १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा लागतो आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र दिसावं लागतं. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना रिव्हर्स सेन्सर बंधनकारक झाले. पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर असलेल्या ट्रकच्या मालकाला मात्र हे काम स्वतःच करून घ्यावं लागतं. बाजारातून पडद्याचा टेप आणायचा, कॅमेरा आणायचा आणि वायरमनकडे जायचं.

हे काम मनापासून समजून घेण्यासारखं आहे, कारण ते अर्धवट झालं तर धोका वाढतो. कॅमेरा नसलेला ड्रायव्हर खाली उतरून बघतो. कॅमेरा असलेला पडद्यावर विश्वास ठेवतो. तो पडदा दहापैकी एकदा काळा राहत असेल किंवा चित्र लोळत असेल, तर त्या एका वेळी काय होईल याची जबाबदारी जोड मारणाऱ्यावर येते. आणि इतक्या गाड्यांचं काम पाहिल्यावर माझं मत पक्कं आहे: चित्र कसं येणार हे कॅमेऱ्याच्या किमतीवर फार थोडं ठरतं. ते ठरतं व्होल्टेजवर, अर्थिंगवर आणि रिव्हर्स पडल्याची खबर टेपपर्यंत किती चोख पोहोचते त्यावर.

आधी ही खबर कशी जाते ते पाहू. गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटा स्विच पेचाने बसवलेला असतो. रिव्हर्स पडला की आतली दांडी त्याचा दट्ट्या दाबते, स्विच जुळतो आणि मागच्या रिव्हर्स लाइटला करंट जातो. जुन्या गाडीत एवढंच असतं: फ्यूज, स्विच, वायर, बल्ब. नव्या गाड्यांमध्ये मध्ये एक कंट्रोल युनिट बसतं; ते बल्बला सलग करंट न देता सेकंदाला शेकडो वेळा तोडून देऊ शकतं, वर बल्ब शाबूत आहे की नाही हेही तपासतं. त्या वायरवर कॅमेरा जोडला की चित्र फडफडतं. या बाबतीत जुना ट्रक फार सोपा. त्याच्या रिव्हर्स वायरवर रिव्हर्समध्ये व्होल्टेज असतं, एरवी नसतं.

ही रिव्हर्स वायर दोन कामं करते. एक, कॅमेऱ्याला जाग आणते. दोन, टेपला सांगते की गाणं बाजूला ठेव आणि कॅमेऱ्याचं चित्र लाव. टेपच्या मागे या दुसऱ्या कामासाठी वेगळी बारीक तार असते. तिच्यावर बहुधा ‘बॅक’, ‘रिव्हर्स’ किंवा ‘कॅमेरा’ असं छापलेलं असतं. पिवळी तार कायम बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची, हा ढोबळ शिरस्ता बहुतेक टेपांत पाळला जातो. रिव्हर्सच्या तारेचा रंग मात्र कंपनीगणिक बदलतो, म्हणून रंगावर न जाता चिठ्ठी वाचावी. ही तार जोडायचीच राहून गेली, तर कॅमेरा चालू असूनही पडद्यावर गाण्यांची यादीच दिसत राहते आणि गिऱ्हाईक म्हणतं, कॅमेरा खराब निघाला. मोटारींसाठी मिळणाऱ्या व्हिडिओ केबलला चित्राच्या पिवळ्या पिनेसोबत दोन्ही टोकांना एक बारीक लाल तार निघालेली असते. ती याच कामासाठी आहे. मागचं टोक रिव्हर्स लाइटच्या वायरला, पुढचं टेपच्या त्या तारेला. अनेकजण तिला फालतू समजून कापून टाकतात.

आता जोड मारण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. इंजिन बंद, चाकांना लाकडी ठोकळे, चावी चालू, रिव्हर्स टाकलेला. मागच्या दिव्याच्या वायरवर किती व्होल्ट आहेत ते पाहा. पिकअप आणि ४०७ सारख्या लहान गाड्यांत साधारण १२ येतील. मोठ्या ट्रकात २४ येतील, आणि इंजिन चालू असताना २८ च्या आसपास. इथेच सगळ्यांत जास्त टेप जळतात.

मोठ्या ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ केलेले असतात. बाजारातला टेप मात्र १२ व्होल्टच्या मोटारीसाठी बनलेला असतो. चालत्या मोटारीतले १४.४ व्होल्ट त्याला मानवतात, २८ मानवत नाहीत. मग सोपी वाट शोधली जाते: दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून करंट घ्यायचा. मीटर लावला तर तिथे बरोबर १२ दिसतात, टेप छान वाजतो, कॅमेराही चालतो. नुकसान सावकाश होतं. टेपचा सगळा भार खालच्या, म्हणजे अर्थकडच्या, एका बॅटरीवर येतो. अल्टरनेटर दोघींना एकाच ओळीत चार्ज करतो. त्याचं लक्ष दोघींच्या बेरजेवर असतं, प्रत्येकीच्या वाट्यावर नाही. २८ ची वाटणी चौदा-चौदा व्हायला हवी. खालची बॅटरी उतरलेली राहिली की तिच्या वाट्याला चौदापेक्षा कमी येतात आणि वरचीच्या वाट्याला जास्त. वरचीचं पाणी उडत राहतं, खालची अर्धी रिकामी राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट चढत जातं. वर्ष-दीड वर्षात मालक दोन्ही बॅटऱ्या बदलतो आणि दोष बॅटरीच्या कंपनीला देतो. टेपमुळे बॅटरी गेली हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

यावर उपाय एकच, २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर. त्याला दोन्ही बॅटऱ्या मिळून पुरवठा करतात, त्यामुळे भार सारखा वाटला जातो. कन्व्हर्टर किती अँपिअरचा घ्यायचा हे टेपच्या मागच्या फ्यूजवरून ठरवा: फ्यूज १० अँपिअरचा असेल तर कन्व्हर्टरने निदान तेवढे सलग द्यायला हवेत. कॅमेरा खातो तो जेमतेम ०.१ ते ०.२ अँपिअर, त्याची चिंता नको. स्वस्त कन्व्हर्टर आतल्या आत करंट वेगाने तोडत-जोडत असतो आणि त्याची गडबड चित्रात आडव्या रेघा बनून उमटते. तो केबिनमध्ये हवा लागेल अशा धातूच्या पत्र्यावर बसवावा आणि व्हिडिओची केबल त्याच्यापासून लांब न्यावी.

टेप आणि कॅमेऱ्याची सोय कन्व्हर्टरने झाली, पण रिव्हर्स लाइटची वायर अजून २४ व्होल्टचीच आहे. ती सरळ टेपच्या रिव्हर्स तारेला लावली तर टेपच्या आतला तो कोपरा जळू शकतो. इथे रिले हवा, आणि माझ्या मते १२ व्होल्टच्या जुन्या गाडीतही तो लावावाच. २४ च्या गाडीत २४ व्होल्ट कॉइलचा रिले घ्या. रिव्हर्स लाइटची वायर ८६ नंबरच्या पायाला, ८५ ला अर्थ. ३० नंबरला कन्व्हर्टरमधून आलेले १२ व्होल्ट, मध्ये एक किंवा दोन अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून एक तार कॅमेऱ्याला आणि एक टेपच्या रिव्हर्स तारेला. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, म्हणून आतच डायोड असलेला रिले मिळाला तर उत्तम. मात्र त्याला प्लस-मायनसची बाजू असते, ती पाळावी लागते.

१२ च्या गाडीत रिले कशाला, असा प्रश्न येतो. कारण वीस वर्षं वापरलेल्या गिअरबॉक्सच्या स्विचचे पॉइंट काळे पडलेले असतात, कपलरमध्ये गंज असतो, मागे जाणारी वायर कुठेतरी पिळून चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली असते. २१ वॉटचा रिव्हर्स बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. वाटेतल्या या अडथळ्यांमध्ये दोन-तीन व्होल्ट सहज हरवतात. बल्ब थोडा मंद पेटतो, कुणाला कळत नाही. त्याच वायरवरचा कॅमेरा मात्र नऊ व्होल्टांवर कधी चालू होतो, कधी होत नाही. रिले असला की थकलेल्या वायरीकडून फक्त खबर घ्यायची आणि खरा पुरवठा स्वच्छ ठिकाणाहून द्यायचा.

आणखी एक तपासणी इथेच करा. पार्किंग लाइट लावा, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि रिव्हर्सच्या वायरवर मीटर धरा. तिथे शून्यच हवं. जुन्या गाड्यांमध्ये कितीदा तरी पाच-सहा व्होल्ट दिसतात. मागच्या दिव्यांच्या डब्याची अर्थ गंजून तुटलेली असते. ब्रेकच्या बल्बला गेलेल्या करंटला परतीचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या रिव्हर्स बल्बच्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो. ब्रेक दाबला की रिव्हर्सचा दिवा मिणमिणतो तो यामुळे. अशा गाडीत घाटात प्रत्येक ब्रेकला टेपचा पडदा मागचा रस्ता दाखवू लागतो. हा दोष कॅमेऱ्याने फक्त उघडा केलेला असतो. डब्याची अर्थ नीट करा, तो जातो.

अर्थिंगवर थोडं थांबलं पाहिजे, कारण बिघडलेल्या चित्राच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात. साध्या कॅमेऱ्याचं चित्र केबलमधून जातं ते वरपासून खालपर्यंत मिळून फक्त एक व्होल्टचं असतं. त्यातल्या ०.७ व्होल्टांत उजेड-अंधार आणि रंग, उरलेल्या ०.३ व्होल्टांत प्रत्येक ओळ कुठे सुरू होते याची खूण. टेप ही एक व्होल्टची चढ-उतार मोजतो ती स्वतःच्या अर्थच्या तुलनेत. आता समजा, मागे कॅमेऱ्याची काळी तार रिव्हर्स लाइटच्याच गंजक्या अर्थला बांधली आहे आणि त्या जोडात एक ओमचा अडथळा आहे. बल्बचे पावणेदोन अँपिअर त्यातून जाताना मागची अर्थ पुढच्या अर्थपेक्षा एक-दीड व्होल्टने वर उचलली जाऊ शकते. चित्र एक व्होल्टचं आणि गडबड त्याच्याहून मोठी. व्हिडिओ केबलची बाहेरची जाळी दोन्ही टोकांच्या अर्थला जोडलेली असल्यामुळे बल्बचा थोडा करंट त्या जाळीतूनच पुढे धावतो. ओळीची खूण हरवते, चित्र वर-खाली लोळतं. इंजिनाचा वेग वाढला की अल्टरनेटरच्या लहरी त्यात मिसळतात आणि पट्टे सरकू लागतात.

ट्रकात हे मोटारीपेक्षा जास्त होतं. केबिन रबरांवर तरंगत असते आणि चॅसिसशी तिचं विजेचं नातं एका जाळीच्या पट्टीने टिकलेलं असतं. ती पट्टी झिजलेली किंवा तुटलेली सापडणं नवीन नाही. हौदा आणि चॅसिस यांच्यामध्ये तर कितीदा लाकूड असतं. म्हणून हौद्याच्या पत्र्याला अर्थ धरू नये. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याची काळी तार केबलसोबतच पुढे आणून टेपच्या अर्थच्या जागी जोडणं, आणि मागे कॅमेरा बसवताना रबरी किंवा नायलॉनचा वायसर घालून त्याचं धातूचं अंग गाडीपासून तोडणं. परतीची वाट एकच राहिली की भांडण मिटतं. लांब तारेत व्होल्टेज पडेल अशी भीती काहींना वाटते. हिशोब करून पाहा: १५ मीटर जाऊन-येऊन ३० मीटर, अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे एक ओम, कॅमेरा ओढतो ०.१५ अँपिअर, हरवतात ०.१५ व्होल्ट. काहीच नाही.

केबलची लांबी मोटारीच्या मापाने घेऊ नका. मोटारीसाठीच्या केबली सहा मीटरच्या आसपास असतात. ट्रकात सरळ रेषेत मोजलेल्या अंतरापेक्षा वळणं-वळसे धरून बरीच जास्त लागते. चॅसिसखाली पिवळ्या पिनेचा जोड येऊ देऊ नये. एका पावसाळ्यात तो हिरवा पडतो. मोठ्या गाड्यांसाठी चार पिनांचा, चुडीने आवळायचा जोड असलेली केबल मिळते. तिच्यात पुरवठा, अर्थ आणि चित्र एकत्रच येतात, शेवटी टेपजवळ छोटा अडॅप्टर लावून पिवळी पिन करता येते. ट्रकासाठी हीच घ्यावी. केबल चॅसिसच्या आतल्या बाजूने, मूळ वायरिंगच्या सोबतीने न्या. सायलेन्सर, फिरणारा जॉइंट आणि खाली-वर होणारे पाटे यांच्यापासून ती दूर हवी. पत्र्यातून आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार सहा महिन्यांत तिला कापते. जोड योग्य साधनाने क्रिंप करून वर हीट श्रिंक नळी चढवा. नुसती पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली तार उन्हात डिंक सोडते आणि धक्क्यांनी सैल होते.

कॅमेरा फाळक्यावर लावू नये. फाळका पडतो, आपटतो, त्यावर पोती ओढली जातात. बंद बॉडी असेल तर मागच्या दाराच्या वर मधोमध, उघड्या हौद्याला फाळक्याखालच्या आडव्या पट्टीवर, थोडा आत सरकवून. खाली लावला की चिखल उडतो, हे मान्य करून रोज सकाळी भिंग पुसायची सवय लावावी लागते. कॅमेऱ्यावर लिहिलेलं आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची कसोटी. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याची कसोटी वेगळी आहे, तिचा आकडा ६९के. जी गाडी दर आठवड्याला प्रेशरने धुतली जाते तिच्यासाठी हा फरक बघून घ्या.

खरेदीच्या वेळीच आणखी एक मेळ बघावा लागतो. जुन्या पद्धतीचे कॅमेरे पाल किंवा एनटीएससी पद्धतीने चित्र देतात, पहिल्यात ६२५ ओळी, दुसऱ्यात ५२५. अलीकडचे जास्त स्पष्ट चित्राचे कॅमेरे एएचडी पद्धतीचे असतात. पिन तीच, केबल तीच, पण आतली भाषा वेगळी. जो टेप ती पद्धत ओळखत नाही त्यावर पडदा काळा किंवा फाटका दिसतो. टेपच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार निवडता येतो का ते दुकानातच पाहा. काही टेपांत रिव्हर्सच्या तारेसाठी ‘बॅटरी’ की ‘ग्राउंड’ असाही पर्याय असतो. तो उलटा असला की पुढे जाताना मागचं चित्र येतं आणि रिव्हर्समध्ये जातं. चित्र आरशासारखं डावं-उजवं बदललेलं हवं, म्हणजे आरशात डावीकडे दिसणारा माणूस पडद्यावरही डावीकडेच दिसेल. पुष्कळ कॅमेऱ्यांना यासाठी तारेचा एक छोटा फास दिलेला असतो, तो कापला की चित्र पलटतं. कापण्याआधी कॅमेऱ्यासोबतचा कागद वाचा.

पडद्यावरच्या रंगीत रेघा कारखान्याने एखादी मोटार डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. तुमच्या ट्रकवर त्या खोट्या ठरतात. सपाट जागी गाडी उभी करून फाळक्यापासून एक, दोन आणि तीन मीटरवर खडूने रेघा मारा, ड्रायव्हरला पडद्यावर त्या कुठे दिसतात ते पाहू द्या, आणि पडद्याच्या कडेला रंगाचे ठिपके लावून टाका. रुंद कोनाच्या भिंगातून वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून हे ठिपके फार कामाचे. मग गाडी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच रिव्हर्स टाका. अँड्रॉइडवरचे काही टेप जागे व्हायला बराच वेळ घेतात आणि तेवढ्यात चित्रच येत नाही. तुमचा टेप किती वेळ घेतो हे ड्रायव्हरला माहीत हवं. तेवढा वेळ गाडी हलवायची नाही.

बॉडीबिल्डरकडे चॅसिसला वेल्डिंग असेल तेव्हा बॅटरीची वायर सोडवा आणि टेप, कन्व्हर्टर, कॅमेरा यांचे कपलरही काढून ठेवा. आणि वायरमन कितीही घाईत असला तरी त्याच्याकडून एक गोष्ट मागून घ्या: कुठली तार कुठून घेतली, फ्यूज कुठे आहे, रिले कुठे दडवला आहे, हे एका कागदावर काढून तो प्लॅस्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या झाकणाच्या आतून चिकटवा. गाडी नाशिकला बंद पडेल, किंवा हुबळीला. तिथला अनोळखी वायरमन तो कागद पाहूनच योग्य तार पकडेल.